अंतर ठरवण्याचा हक्क



नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. मला आज अकराव्या अध्यायातली एकच जागा हवी आहे. अर्जुनाने विश्वरूप पाहिलं आहे, अंगाला कापरं भरलं आहे, आणि त्या अवस्थेत त्याला आठवतं ते हे, की आजवर आपण या कृष्णाला हाक कशी मारत आलो. अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा! जेवताना, निजताना, चारचौघांत, थट्टामस्करीत. तो हात जोडून त्याची क्षमा मागतो. गीतेत हे दोन श्लोकांत आटोपतं. ज्ञानेश्वर मात्र तिथून लवकर हलत नाहीत. तुला शिष्टाईला पाठवलं, खेळताना तुझ्याशी भांडलो, सलगीत वाटेल ते बोललो, असं एकेक ते अर्जुनाच्या तोंडून काढून घेतात.

समोरचा तोच आहे. रथ तोच, रणांगण तेच. तरी अर्जुनाचा जीव कासावीस होतो तो एका 'अरे'ने. आणि मग तो मागतो काय? तुझं ते ओळखीचं रूप मला पुन्हा दाखव. विश्वरूपाइतक्या अंतरावर त्याला राहवत नाही. मनातलं अंतर आणि तोंडातला शब्द यांचं नातं इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही, आणि मराठीत ती आपल्या नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी सांगितली गेली.

मानसशास्त्रात अलीकडे या विषयावर पुष्कळ काम झालं आहे. याकोव्ह ट्रोप आणि निरा लिबरमन या दोघांनी मांडलेला विचार थोडक्यात असा. काळाने, जागेने, नात्याने किंवा शक्यतेने लांब असलेल्या गोष्टींचा विचार आपण ढोबळ, अमूर्त शब्दांत करतो, जवळच्यांचा बारीकसारीक तपशिलात. हे उलट्या बाजूनेही चालतं. ढोबळ शब्द वापरले की जवळची गोष्टही लांब जाते. त्यांच्याच परंपरेतल्या एका अभ्यासात, २०१० साली, असंही दिसलं की लांबच्या जागी किंवा लांबच्या काळात असलेल्या माणसाशी लोक जास्त अदबीने बोलतात, आणि अदबीचं बोलणं ऐकणाऱ्याला बोलणारा लांबचा वाटतो. 'अहो-जाहो' करणाऱ्या समाजाला हे प्रयोगाने पटवून द्यावं लागत नाही.

पण एक गोष्ट या चर्चेत मागे पडते, आणि आजच्या व्याख्यानात मला तीच सांगायची आहे. भाषेने अंतर पडतं, हे खरं. ते अंतर ठरवलं कोणी? लांब जाण्याने कधी माणूस वाचतो, कधी चिरडला जातो. जवळ ओढण्यात माया असते तसा अपमानही असतो. निवाडा करायचा तर माप कोणाच्या हातात आहे ते आधी पाहावं लागेल.

मराठीकडे ही मापं भरपूर आहेत. तू, तुम्ही, आपण. आईला 'अगं', वडिलांना 'अहो', एकाच घरात, एकाच ताटावर बसून. विठोबाला 'तू' आणि तलाठ्याला 'आपण'. कुणबिणीच्या तोंडी नवरा 'मालक' किंवा 'कारभारी', शहरातल्या बाईच्या तोंडी नुसता 'हे'. शिवाय आपल्याकडे एक असं माप आहे जे हिंदीच्या 'हम'मध्ये नाही आणि इंग्रजीतही नाही, 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक. 'आम्ही उद्या जाणार' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण उद्या जाऊ' म्हटलं की तो आत आला. ग्रामसभेत बसून पाहा. पाण्याच्या टँकरचा विषय निघाला की एक उठतो आणि म्हणतो, "आमच्या वस्तीला खेप कमी येते." दुसरा म्हणतो, "आपल्या गावाला खेपा किती मंजूर आहेत ते आधी वाचून दाखवा." त्या 'आमच्या'मधून 'आपल्या'मध्ये जायला गावाला कधीकधी एक पिढी लागते. आणि हाच 'आपण' हात जोडून परक्या साहेबालाही म्हटला जातो. सर्वांत जवळचं आणि सर्वांत लांबचं या दोन्हींसाठी मराठीने एकच शब्द राखून ठेवला आहे. कोणता अर्थ घ्यायचा ते तोंडाकडे बघून कळतं.

रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपातल्या भाषांमधल्या 'तू' आणि 'तुम्ही'चा अभ्यास केला तेव्हा त्यांना दोन सूत्रं सापडली, सत्तेचं आणि सोबतीचं. दोघेही एकमेकांना 'तू' म्हणत असतील तर ती सोबत, दोघेही 'तुम्ही' म्हणत असतील तर बरोबरीचं पण लांबचं नातं. एकाने 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'तुम्ही'च म्हणायचं, ही सत्ता. म्हणजे 'तू' या शब्दात अपमान भरलेला नसतो. तो परत फिरवता येत नाही, तिथे अपमान सुरू होतो.

आपल्या गावगाड्यात हे किती काटेकोर होतं ते आठवा. पाटलाच्या पोराने महारवाड्यातल्या म्हाताऱ्याला नावाने, अरे-तुरे करून हाक मारायची आणि म्हाताऱ्याने वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं. त्याने 'राम राम' म्हटलेलं चालत नसे, कारण 'राम राम'ला उत्तर 'राम राम' असतं. ते दोन्ही बाजूंनी सारखं फिरतं. जोहार एकाच दिशेने जातो. बाबासाहेबांच्या चळवळीने जोहार सोडायला लावला आणि त्या जागी 'जय भीम' आला, तेव्हा श्रद्धेची खूण बदलली, एवढंच लोकांनी पाहिलं. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च आहे. म्हणणारा आणि ऐकणारा एका पातळीवर आल्याशिवाय तो अभिवादनाचा व्यवहार पुराच होत नाही.

याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात धामणगाव आहे. दया पवार तिथले. १९७८ साली त्यांचं आत्मकथन 'बलुतं' आलं आणि मराठी वाचक हादरला, हे सर्वांना माहीत आहे. त्या पुस्तकाच्या मांडणीकडे मात्र आपण पुरेसं पाहिलं नाही. तिथे लेखक दया पवार याला एक माणूस भेटतो. त्याचं नाव दगडू मारुती पवार. शाळेच्या दाखल्यावर असलेलं, लेखकाचंच स्वतःचं नाव. हा दगडू बोलतो आणि दया ऐकतो. मुंबईतला कावाखाना, धामणगावचा महारवाडा, संगमनेरचं बोर्डिंग, भूक, लाज, आईचे कष्ट, सगळं दगडूच्या तोंडून येतं.

असं का केलं असेल? लेखनाची युक्ती म्हणून हे सोडून देता येणार नाही. स्वतःच्या आयुष्यातली जी गोष्ट आठवली तरी घसा दाटतो, ती 'मी'ने सुरू होणाऱ्या वाक्यात मावत नाही. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली दाखवलं, की ताणाच्या प्रसंगी स्वतःशी बोलताना जी माणसं 'मी' न म्हणता स्वतःला नावाने संबोधतात ती कमी गांगरतात आणि नंतर त्याच त्याच विचारात कमी अडकतात. दया पवारांना हे प्रयोगशाळेविना छत्तीस वर्षं आधी साधलं. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या समाजाने या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या हातभर लांब उभं केलं, त्याच माणसाने इथे स्वतःच्या हाताने अंतर मोजलं. दगडू आणि दया यांच्यामधली जागा त्याने आखली. 'दगडू' हे नाव ज्यांनी हिणवून उच्चारलं असेल त्यांच्याकडून ते त्याने काढून घेतलं आणि स्वतःच्या पुस्तकात बोलायला बसवलं. वाचक म्हणून आपण त्या दोघांच्या बैठकीत तिसरे असतो. दगडू आपल्याशी थेट बोलत नाही, दयाशी बोलतो. त्यामुळे आपल्याला सहानुभूतीची घाई करता येत नाही, ऐकून घ्यावं लागतं.

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, हा जोहारासारखाच एक कडक नियम होता. नाव घ्यायचंच तर उखाण्यात, सणावारी, चार जणींनी आग्रह केल्यावर. एरवी 'इकडून सांगणं झालं', 'स्वारी बाहेर गेली आहे'. वाक्यातून कर्ता उचलून दिशा ठेवायची. या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावीत. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ते आपल्या नगरला येऊन राहिले. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहून मग त्यांच्याकडे आल्या. नगर आणि राहुरी त्यांच्या पुस्तकात घरच्यासारखी येतात. त्या नवऱ्याला काय म्हणतात? 'टिळक'. ना 'इकडून', ना 'स्वारी', ना नारायण. आदराचं क्रियापद ठेवून नुसतं आडनाव, जसं एखादा स्नेही दुसऱ्या स्नेह्याबद्दल बोलेल. त्या एका शब्दाने त्यांना टिळकांवर रागावता येतं, हसता येतं, त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगता येतात आणि प्रेमही लपत नाही. 'इकडून'मध्ये हे बसलंच नसतं. 'इकडून' म्हणणाऱ्या बाईला नवऱ्याकडे बघता येत नाही, कारण मान खाली घातलेली असते.

टिळकांनी स्वतः हेच काम प्रार्थनेत केलं, ते ओझरतं सांगतो. मिशनच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं होती. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत हाक मारली, 'माउली' म्हटलं. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या वाटेने आलो असं ते मानत. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये ती भजनं टाळ-मृदंगावर म्हटली गेली, आणि सातासमुद्रापलीकडून आलेला देव अंगणात येऊन बसला.

आता नगरच्या किल्ल्यात जाऊ. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते पकडून आपल्या भुईकोटात आणले गेले. नेहरूंनी तिथे इंग्रजीत भारताचा शोध लिहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. मौलाना आझाद तिथेच उर्दूत पत्रं लिहीत होते. ती हबीबुर्रहमान खान शेरवानी या अलीगडकडच्या स्नेह्याला उद्देशून होती आणि ती पोचणार नाहीत हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं. पुढे १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचं. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मित्राला आदराचं संबोधन. त्याच्याकडून उत्तर येणार नाही, तरी वाक्यावाक्यात त्याला धरून बोलायचं. चहा, चिमण्या, इतिहास, संगीत. भिंतीपलीकडे कोणीतरी ऐकतो आहे असं मानल्याशिवाय इतक्या निवांतपणे बोलता येत नाही.

या पत्रांमधलं ११ एप्रिल १९४३ चं पत्र मी वेगळं ठेवतो. दोन दिवस आधी, ९ एप्रिलला, कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम वारली. आजार वाढत गेल्याच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सरकारकडे सुटकेची विनंती करायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. पत्रात ते स्वतःकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहतात. बातमीची ओढ चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी नेहमीसारखाच वागत राहिलो, पण हे वागणं वरवरचं होतं, हे ते नोंदवतात. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. त्या दिवसांत तिच्याकडे लक्ष जात राहिलं, हेही सांगतात. एवढं दुःख, आणि भाषा संयत, अदबशीर, जुन्या अरबी शोकगीताचा आधार घेणारी. काही वाचकांना ती कोरडी वाटते. मला तसं वाटत नाही. तुरुंगाने त्यांच्यावर मैलांचं अंतर लादलं होतं. त्या अंतराच्या आत, कागदावर, दुःखापासून किती लांब उभं राहायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. तेवढीच मोकळीक त्यांच्याकडे उरली होती.

आपल्या रोजच्या बोलण्यातही अशी मोकळीक आपण घेतो, आणि बहुतेक वेळा इंग्रजीकडून. रात्री दोनला फोन करून "काका एक्स्पायर झाले" असं सांगणारा पुतण्या इंग्रजी मिरवत नसतो. 'वारले' म्हणताना त्याचा आवाज फुटला असता. शिकागोचे बोआझ केसर आणि सहकारी यांनी २०१२ साली दाखवलं, की परक्या भाषेत विचार करताना माणूस तोट्याच्या भीतीने कमी बिथरतो, निर्णय थंडपणे घेतो. परक्या भाषेचं बळही यातच आहे आणि धोकाही यातच. जो शब्द आपल्याला दुःखातून पार नेतो तोच दुसऱ्याच्या दुःखापासून पळून जायलाही उपयोगी पडतो.

सरकारी मराठी ही पळवाट फार चांगली ओळखते. 'निदर्शनास आले आहे.' कोणाच्या? 'कार्यवाही करण्यात येईल.' कोण करील? जुन्या सुनेने नवऱ्याबद्दल बोलताना वाक्यातून कर्ता काढला तो दडपणाखाली, कचेरीने काढला तो जबाबदारीतून सुटण्यासाठी. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांनी दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढला आहे. विहीर आटली, छावणीत जनावरं नेऊन बांधली, लेकीचं लग्न पुढे ढकललं, की माणसं एकच शब्द म्हणतात. कागदावर मात्र वर्षानुवर्षं 'सदृश' चिकटवलेलं असायचं, दुष्काळसदृश परिस्थिती, टंचाईसदृश परिस्थिती. दुष्काळासारखं काहीतरी आहे, दुष्काळ नाही. २०१६ च्या मे महिन्यात, उच्च न्यायालयात प्रकरण चालू असताना, राज्य सरकारने ते 'सदृश' काढलं आणि सुमारे २९ हजार गावांबाबत दुष्काळ असंच वाचावं अशी दुरुस्ती केली. तोवर उन्हाळा संपत आला होता. पाऊस त्या दुरुस्तीने पडला नाही, हे खरं. पण एक शब्द कापायला न्यायालयापर्यंत जावं लागतं, यावरून त्या शब्दाने केवढं अंतर धरून ठेवलं होतं ते कळतं.

शेवटचं उदाहरण ऊसतोडीचं. आपला जिल्हा या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया इथे प्रवरेकाठी, लोणीला घातला गेला, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला हजारो माणसं तोडीला बाहेर पडतात. मुकादम टोळी जमवतो. टोळी किती मोठी, हे तो माणसांत सांगत नाही. "माझ्याकडे पंधरा कोयते आहेत," म्हणतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो, एक दिवस पडून राहिलं तर खाडा कोयत्याचा लागतो.

नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. पहाटेच्या अंधारात भाकरी थापून ती फडात आलेली असते, कडेला चादरीवर पोर झोपलेलं असतं. वहीत तिची वेगळी ओळ नाही. ओळ नवऱ्याच्या नावावर. तिचा अंगठा नाही, तिची उचल नाही, तिचा खाडा मात्र दोघांच्या नावावर. गरोदर बाई शेवटच्या महिन्यापर्यंत फडात का असते, याची कारणं शोधायला निघालेल्यांनी त्या वहीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. अर्धा कोयता थांबला तर पुरा कोयता थांबतो. हा शब्द ती बाई, तिचा नवरा, मुकादम, कारखान्याचा शेतकी अधिकारी आणि आपण सगळे सहज वापरतो. कोणाला तो क्रूर वाटत नाही, कारण तो ऐकताना बाई डोळ्यासमोर येतच नाही. दगडूने स्वतःचं नाव स्वतःपासून वेगळं काढलं ते बोलता यावं म्हणून. इथे माणसाचं नावच काढून घेतलं आहे, आणि ज्याचं काढलं त्याला कोणी विचारलं नाही.

यावर काय करायचं? मी भाषेचा माणूस आहे. उसाचा दर, उचलीचा कायदा, कल्याण महामंडळाचं काम, हे माझ्यापेक्षा जाणत्यांनी बोलावं. पण ओळीबद्दल मी बोलू शकतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासनाच्या कागदपत्रांवर, आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचं ठरलं. एका निर्णयाने ओळ बदलली. तीच गोष्ट टोळीच्या वहीत आणि कारखान्याच्या करारात करता येईल. नवऱ्याची एक ओळ, बायकोची एक ओळ. दोघांची नावं, दोघांची उचल, दोघांचे अंगठे किंवा सह्या, खाडा ज्याचा त्याचा. मुकादम बोलताना 'कोयता' म्हणत राहील, एका पिढीत तो शब्द जाणार नाही. वहीत मात्र तो नसावा. जिल्ह्यातल्या ज्या कारखान्यांचे सभासद आज इथे बसलेले आहेत, त्यांनी पुढच्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा, अशी माझी विनंती आहे. आणि मांडताना वाक्याची सुरुवात 'आपल्या कारखान्याने' अशी करावी.